मावशींच्या नावाचं कार्ड

आज हप्ता नाही, वसुली नाही, अंतर्गत कर्जाची वहीसुद्धा नाही. ती सगळी पुढच्या भागात. आज माझ्या हातात एक पोस्टकार्ड आहे आणि त्याचीच गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे. रेडिओवर ते दाखवता येत नाही, म्हणून सांगते. एका बाजूला बर्फाने भरलेला रस्ता, दोन्हीकडे उंच झाडं. दुसऱ्या बाजूला निळ्या शाईत बारीक इंग्रजी अक्षर, फिनलंड देशाची दोन तिकिटं, आणि आमच्या गटातल्या एका मावशींचं नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि पिन कोड.

मावशींचं वय साठीच्या पुढे. सही करतात. ती त्या गटात आल्यावर शिकल्या, आणि आता ठरावाच्या वहीवर सगळ्यांत ठळक सही त्यांचीच असते. पोस्टमनदादांनी गल्लीत येऊन त्यांचं नाव घेतलं, तेव्हा मावशींनी आधी विचारलं, "बँकेची नोटीस का?" कारण तोवर त्यांच्या स्वतःच्या नावाने पोस्टातून एकच गोष्ट आली होती, आणि ती कर्जाची नोटीस होती. बाकी लग्नपत्रिका सासऱ्यांच्या नावाने, पुढे मालकांच्या नावाने, आता मुलाच्या नावाने. त्या दिवशी अर्धी गल्ली जमली. मुलाने कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "ही कोण बाई? हिला आपला पत्ता दिला कुणी?"

प्रश्न रास्त होता. पत्ता मी दिला होता, मावशींना विचारून. तो कसा आणि कशासाठी दिला, ते पुढे सांगते. पण आधी एक सांगते. मुलाला वाटलं हे मोबाइलच्या जमान्यातलं नवं खूळ आहे. बीएला माझा इतिहास होता, म्हणून मी जरा शोधायला बसले, तर हे खूळ पावणेदोनशे वर्षांचं निघालं. आणि त्यात बायका पहिल्यापासून आहेत.

इंग्लंडमध्ये १८४० सालच्या मे महिन्यात जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट निघालं. काळ्या रंगाचं, एक पेनीचं, राणी व्हिक्टोरियाचं तोंड असलेलं. त्याआधी टपालाचे पैसे बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्याने द्यायचे असत, आणि जितकं अंतर लांब तितके पैसे जास्त. एक गोष्ट सांगतात, खरी-खोटी देव जाणे. एका गरीब मुलीच्या दारात पत्र आलं. तिने ते हातात घेतलं, पाहिलं, आणि पैसे नाहीत म्हणून परत दिलं. मागून कळलं की पाकिटावरच्या खुणांवरूनच तिला भावाची खुशाली समजली होती. आत कोरा कागद होता. आपणही मिस्ड कॉलवर असाच संसार चालवला आहे, नाही का? तर रोलंड हिल नावाच्या गृहस्थांनी हा सगळा घोळ काढला आणि पैसे आधी, अंतर कितीही असो दर एक, अशी पद्धत आणली. त्यासाठी तिकीट आलं.

तिकीट निघाल्याच्या पुढच्याच वर्षी, १८४१ साली, लंडनच्या टाइम्स वर्तमानपत्रात एक जाहिरात आली. एका तरुण बाईला आपल्या खोलीच्या भिंती वापरलेल्या तिकिटांनी मढवायच्या होत्या. ओळखीपाळखीच्या लोकांकडून तिने तोवर सोळा हजार तिकिटं जमवली होती आणि आता ती अनोळखी लोकांना विनंती करत होती, की तुमच्याकडे असतील तर पाठवा. तिकिटं गोळा करण्याच्या नादाची जी सगळ्यात जुनी नोंद सांगतात ती ही. आपल्याकडे शेणाने सारवलेल्या भिंतीवर कॅलेंडरातले देव चिकटवतात, तसंच तिचं. पुढे पुरुषमंडळींनी या नादाला शास्त्र म्हटलं, मंडळं काढली, नियतकालिकं काढली. त्याच काळात, १८६० च्या पुढेमागे, अॅडलेड फेंटन नावाच्या बाई तिकिटांवर फार जाणतेपणाने लिहीत होत्या. पण छापताना नाव कुणाचं? हर्बर्ट कॅमोएन्स. पुरुषाचं नाव घेऊन. मी हे वाचलं तेव्हा मला आपल्या सात-बाराची आठवण आली.

आता पोस्टकार्डाकडे येते. हे इंग्रजांचं डोकं नव्हे. ऑस्ट्रियात एमान्युएल हेरमान नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी १८६९ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रात लिहिलं, की चार ओळींच्या निरोपासाठी एवढा कागद, एवढं पाकीट, एवढा खर्च कशाला? एक जाड कार्ड काढा, उघडंच पाठवा, दर कमी ठेवा. सरकारने ऐकलं. १ ऑक्टोबर १८६९ ला पहिलं कार्ड निघालं आणि पहिल्या तीन महिन्यांत तीस लाखांच्या आसपास खपलं. आजही १ ऑक्टोबर हा पोस्टकार्डाचा दिवस म्हणून जगभर पाळतात.

हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ ला आलं. पाव आणा दर, म्हणजे एक पैसा. परदेशी पाठवायचं वेगळं कार्ड होतं, दीड आण्याचं. त्या काळच्या मोठ्या लोकांची एक तक्रार असे, की कार्ड उघडं असतं, नोकरचाकर वाचतील. आपल्या आयाआज्यांना ही तक्रार करायची सोयच नव्हती. कार्ड आलं की ते पोस्टमन वाचायचा, नाहीतर शाळेचे मास्तर, नाहीतर सासरे. ज्या सुनेसाठी आलं तिने दाराआडून ऐकायचं. कोपरा फाडलेलं कार्ड दिसलं की वाचायच्या आधीच रडणं सुरू, कारण कोपरा फाडला म्हणजे कुणीतरी गेलं. आणि सुनेकडून माहेरी जाणारं कार्ड? ते लिहिणार दुसराच. "इकडील सर्व खुशाल आहे, तिकडील खुशाली कळवावी." अंगावर वळ असले तरी सर्व खुशाल. माझ्या आजीने माहेरी अशी किती कार्डं धाडली असतील, आणि त्यातल्या एकातही तिचा स्वतःचा एक शब्द नसेल. कार्ड स्वस्त होतं, सगळ्यांचं होतं, पण बाईचं नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण माझी पुढची गोष्ट यावरच उभी आहे.

मधे एक छोटी अडचण सोडवते, कारण मावशींनी पहिला प्रश्न हाच विचारला होता. आपण आपल्या पोस्टात आपलं तिकीट लावतो. फिनलंडचा पोस्टमन ते का मानतो? त्याला त्यातून काय मिळतं?

याचं उत्तर १८७४ सालात आहे. त्याआधी देशादेशांचे वेगळे करार असत, आणि एक पत्र तीन देशांतून गेलं तर तिघांचा हिशेब. ९ ऑक्टोबर १८७४ ला स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात बावीस देशांनी एक करार केला. टपालापुरतं सगळं जग एकच गाव मानायचं. ज्याने तिकीट विकलं त्याने पैसे ठेवायचे, आणि दुसऱ्याकडून आलेलं टपाल फुकट पोचवायचं. का? तर माणूस पत्र लिहितो तेव्हा उलट पत्र येतंच. आज तू माझं पोचव, उद्या मी तुझं पोचवीन. तायांनो, हिला आपण सावड म्हणतो! आज मी तुझ्या रानात खुरपायला येते, उद्या तू माझ्या. पैशाची देवघेव नाही, हिशेब माणसाच्या येण्याजाण्याचा. हिंदुस्थान या सावडीत १ जुलै १८७६ ला सामील झाला. पुढे शंभर एक वर्षांनी काही देशांना येणारं टपालच जास्त होऊ लागलं, तेव्हा फरकाचे पैसे द्यायची पद्धत आली. सावडीतही असं होतंच, एकीचं रान दोन एकर आणि दुसरीचं दहा.

या सावडीच्या जोरावर चित्रांच्या पोस्टकार्डांची लाट आली. साधारण १९०० ते १९१४ हा तिचा भर. युरोप-अमेरिकेत घरोघरी कार्डांची वही असे, आणि ती भरण्याचं काम बहुतेक बायकामुलींचं. अमेरिकेत १९०८ साली संपलेल्या एका वर्षात सदुसष्ट कोटींच्या वर कार्डं टपालात पडली, आणि तेव्हा त्या देशाची लोकसंख्या नऊ कोटीसुद्धा नव्हती. स्वतःच्या गावची कार्डं किती जमवणार? मग अनोळखी मुलखातल्या माणसांशी अदलाबदल सुरू झाली. मंडळं निघाली, नावं-पत्ते छापले जाऊ लागले. तू तुझ्या गावच्या देवळाचं कार्ड पाठव, मी माझ्या गावच्या पुलाचं पाठवते. एस्परांतो नावाची एक नवी बनवलेली भाषा तेव्हा जोरात होती. ती शिकणारे लोक तर सरावासाठीच दूरदेशी कार्डं धाडत. सुरुवातीला एक गंमत होती. कार्डाच्या मागच्या बाजूला फक्त पत्ता लिहायचा, असा नियम. त्यामुळे मजकूर चित्राच्या बाजूला, जिथे जागा मिळेल तिथे, कडेकडेने कोंबायचा. ब्रिटनमध्ये १९०२ साली मागच्या बाजूचे दोन भाग करायला परवानगी मिळाली, अर्धा पत्त्याला, अर्धा निरोपाला. आज आपण पाहतो ते कार्ड हेच.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. या कार्डांवर चित्रं कशाची होती?

आपली.

मुंबईत क्लिफ्टन अँड कंपनीसारखे छायाचित्रवाले कार्डं काढत. पुष्कळ कार्डांची छपाई जर्मनीत होऊन ती बोटीने इकडे येत, इथले साहेब आणि मडमा ती विकत घेत आणि पुन्हा बोटीने तिकडे धाडत. देवळं, घाट, रेल्वे स्टेशनं तर असतच. पण फार खप असे तो माणसांच्या कार्डांचा. पाणी भरणाऱ्या बायका. जात्यावर दळणाऱ्या बायका. कोळीण. दागिने घातलेली अमुक जातीची बाई. तिकडच्या कुणा बाईच्या वहीत हिंदुस्थानच्या पानावर ही कार्डं लागत, आणि जास्तीची झाली तर ती अदलाबदलीत तिसऱ्या देशात जात. हातावरच्या गोंदणाच्या रेघा मोजता येतील इतकी स्वच्छ छपाई. पण खाली नाव? नाव नाही. जात लिहिलेली, धंदा लिहिलेला, शहर लिहिलेलं. तिचं नाव कुणी विचारलंच नव्हतं. ती किती देश फिरली असेल! आणि तिला पत्ताच नाही.

सगळंच परक्यांनी केलं असं म्हणून मोकळं होता येत नाही. कोल्हापूरचे चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर, जे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत होते, त्यांनीही मुंबईतल्या माणसांच्या चित्रांची पोस्टकार्डं काढली. त्यांचा हात मायेचा होता. रस्त्यावरची माणसं त्यांनी हसतखेळत दाखवली, आणि त्यांची ती कार्डं पाहताना मला राग येत नाही. राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातूनही देवादिकांची आणि सुंदर स्त्रियांची कार्डं निघाली. हा छापखाना आधी घाटकोपरला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला होता. पण त्यांच्याही कार्डांवर बाई असायची ती चित्राच्याच बाजूला. मजकुराच्या बाजूला ती कधी आली नाही.

एक मात्र आली, आणि ती या चित्रांच्या लाटेच्या वीस वर्षं आधी. तिचं नाव तुम्हाला माहीत आहे. आनंदीबाई जोशी, आपल्या पहिल्या डॉक्टर. पण तिच्या डॉक्टर होण्यात टपालाचा हात केवढा, हे सहसा सांगत नाहीत.

आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव टपाल खात्यातच कारकून होते. बायकोला शिकवायचंच, या हट्टाने त्यांनी अमेरिकेला पत्र लिहिलं. तिथल्या एका मिशनरी गृहस्थांनी तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट बघत बसल्या होत्या. तिथे पडलेला तो अंक त्यांनी सहज चाळला. विचार करा, दवाखान्यातल्या बाकावरचा जुना अंक! त्यांनी ते वाचलं आणि घरी येऊन हिंदुस्थानातल्या एका कधी न पाहिलेल्या मुलीला पत्र लिहिलं. आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांचं दहा दिवसांचं बाळ गेलं होतं. त्यांनी उत्तर लिहिलं, स्वतःच्या हाताने. मग उत्तराला उत्तर. धर्म काय, सण काय, घरात काय चालतं, तब्येत कशी, असं सगळं बोटीने जात राहिलं, येत राहिलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

१८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यू यॉर्कला उतरल्या, तेव्हा घ्यायला आल्या त्या या कार्पेंटर मावशी. तोवर दोघींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं. मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई डॉक्टर झाल्या. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. क्षयाने पोखरलेल्या त्या परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा मिसेस कार्पेंटरना पाठवण्यात आली, आणि त्यांनी ती न्यू यॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली. तिथे आजही आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे. पाकिटावर लिहिलेल्या एका नावापासून हे सुरू झालं होतं.

म्हणून मला वाटतं, बाईचा चेहरा बाहेर जाणं वेगळं आणि बाईचं नाव बाहेर जाणं वेगळं.

चित्रकार्डांची लाट पहिल्या महायुद्धाने मोडली. जर्मनीतून येणारी छपाई थांबली, टेलिफोन वाढले. तिकिटांची अदलाबदल मात्र चालू राहिली, शाळांतून, पत्रमैत्रीतून. आपल्याकडे तुम्हाआम्हाला त्या काळात वेगळीच अडचण होती. गावांची नावं सारखी, लिपी दहा प्रकारच्या, पत्ता समजायचा कसा? तो प्रश्न सोडवला आपल्या कोकणातल्या एका माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे मोठे पंडित आणि टपाल खात्यातले अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ पासून त्यांचा सहा आकडी पिन कोड सुरू झाला. आपला चारपासून सुरू होतो, कारण महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश हा सगळा टापू चार नंबरचा. फिनलंडच्या बाईने आमच्या गावाचं नाव चुकीचंच लिहिलं होतं, तीन अक्षरं खाल्ली होती. तरी कार्ड दारात आलं, ते त्या सहा आकड्यांमुळे.

आणि ती बाई भेटली कशी? २००५ साली पोर्तुगालमधल्या पाउलो मागल्याइश या विद्यार्थ्याने, स्वतःला पोस्टकार्डं आवडतात म्हणून, पोस्टक्रॉसिंग नावाची एक व्यवस्था बसवली. फोनवर नाव-पत्ता नोंदवायचा. मागितलं की जगातल्या कुठल्यातरी नोंदवलेल्या माणसाचा पत्ता येतो, निवड आपली नाही. सोबत एक क्रमांक येतो, तो कार्डावर लिहायचा. कार्ड पोचलं की ते माणूस तो क्रमांक नोंदवतं, आणि मग आपला पत्ता तिसऱ्याच कुणाला दिला जातो. ते आपल्याला कार्ड पाठवतं. आजवर अशी सहा कोटींहून जास्त कार्डं गेली आहेत. जर्मनी, रशिया, अमेरिका, तैवान, फिनलंड इथले लोक यात फार. वाटसरूला पाणी द्यावं आणि आपली तहान पुढच्या गावात कुणीतरी भागवावी, तसं हे.

आमच्या गटात हे मी मांडलं तेव्हा वाद झाला, आणि व्हायलाच हवा होता. परदेशी कार्डाला जे तिकीट लागतं ते आपल्या पन्नास पैशांच्या कार्डापेक्षा कितीतरी महाग. गटाच्या बचतीतला एक रुपयाही यात घालायचा नाही, असं मीच आधी सांगितलं. ज्यांना हौस त्यांनी आपल्या खिशातून द्यावं. आणि आपल्याकडे खिसा तरी कुठला, कमरेची पिशवी. पहिले पैसे मावशींनी काढले, म्हणून खातं मावशींच्या नावाने. पत्ता द्यायचा की नाही, यावर पुन्हा चर्चा. तरण्या मुलींचा पत्ता नको, शाळकरी मुलांचा तर अजिबात नको, फोन नंबर कुणाचाच नको, आणि कुणी पैसे किंवा बँकेची माहिती मागितली तर तिथेच थांबायचं, हे आम्ही वहीत लिहून सह्या केल्या. तुम्हीही करणार असाल तर तेवढं आधी करा. मावशी म्हणाल्या, "माझा पत्ता द्या. मला कोण पळवून नेतंय?"

पहिली पाच कार्डं गेली. त्यातलं एक कधी पोचलंच नाही. एकदा आम्हाला आलेल्या कार्डावर तिकिटाच्या जागी नुसता कोरा चौकोन होता. वाटेत कुठे निघालं, कुणी काढलं, कोण जाणे. तिकिटांवर मावशींच्या नातीचा डोळा, तिची दोन दिवस चिडचिड झाली. तिला मी तिकीट सोडवायला शिकवलं. भोवतीचा कागद ठेवून कापायचं, साध्या गार पाण्यात तरंगत ठेवायचं, गोंद सुटला की अलगद ओढून घेऊन वर्तमानपत्रावर पालथं वाळवायचं आणि जाड पुस्तकाखाली दाबायचं. नव्या स्टिकरसारख्या तिकिटांना हे चालत नाही, ती कागदासकटच ठेवायची.

तर फिनलंडच्या कार्डात काय होतं? ती बाई शाळेत शिक्षिका होती, आता घरीच असते. बाहेर उणे अठरा. लोकरीचे मोजे विणते. तुमच्याकडे काय पिकतं, असं तिने विचारलं होतं. मी अर्थ सांगितला. मावशी मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. त्यांनी कार्ड हातात धरलं आणि म्हणाल्या, "तिला विचार, लोकर कुणाच्या मेंढ्यांची? घरच्या का विकतच्या?"

मी त्यांना समजावलं, की नियमाप्रमाणे हिला उत्तर जात नाही, आपलं पुढचं कार्ड दुसऱ्या कुणाला जाईल. मावशींना ते मुळीच पटलं नाही. "ही कसली सावड? ती माझ्या रानात आली आणि मी तिसरीच्या रानात जायचं? तिचं रान तसंच राहिलं ना!" शेवटी त्या बाईला निरोप पाठवून तिचा पत्ता मागितला. तो चार दिवसांनी आला. ज्या मुलाने "हिला पत्ता दिला कुणी" म्हणून विचारलं होतं, तोच परदेशी तिकीट आणायला तालुक्याच्या पोस्टात गेला, आणि कार्ड आठ दिवसांत पोचेल का महिन्यात, हेही विचारून आला.

विकतच्या कार्डावर गेटवे ऑफ इंडिया होतं, ताजमहाल होता. मावशी म्हणाल्या, आपल्याला तिथलं काय ठाऊक? मग गटाच्या पापड केंद्रात बैठकीनंतर एक फोटो काढला. अकराजणी, कुणी पाट-लाटणं घेऊन, कुणी पिठाच्या हाताने, मावशी मधोमध. तो जाड कागदावर छापून घेतला, कार्डाच्या मापाचा. फोटो पाहिला आणि मला ती जुनी कार्डं आठवली, जात्यावर दळणाऱ्या बायकांची. मी मावशींना ती सगळी हकीकत सांगितली, आज तुम्हाला सांगितली तशीच. त्या जरा गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "नावं लिही खाली. सगळ्यांची. नाही, थांब. ज्याची त्याने लिहायची."

तर या सोमवारी बैठकीत कार्ड फिरलं. वरच्या ओळीत मी इंग्रजीत लिहिलं, ज्वारी पिकते, तूर पिकते, पाऊस नसला तर काही नाही. लोकरीचा प्रश्न लिहिला. मग मावशींनी आपलं नाव लिहिलं, ठरावाच्या वहीत लिहितात तसं, केवढं मोठं. त्यानंतर बाकीच्या. नऊ नावांत निरोपाची अर्धी बाजू भरली. दहावीने पत्त्याच्या रेघेला चिकटून लिहिलं. अकरावी आमच्यातली सगळ्यांत धाकटी सून, तिला जागाच उरली नाही. तिने कार्ड आडवं केलं आणि फोटोच्या बाजूला, आपल्या स्वतःच्या चित्राखाली, कडेकडेने नाव लिहिलं.